दोन हजार जनुकांची यादी हातात आहे. मुंगीला बाहेर पाठवणारं जनुक त्यात कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीचं दुसरं वर्ष संपत आलंय. लॅबमध्ये मुंगळ्यांच्या, म्हणजे कॅम्पोनोटसच्या, तीन वसाहती आहेत. प्रत्येक वसाहतीतून दोन प्रकारच्या कामकरी मुंग्या घेतल्या: घरट्यात अळ्यांपाशी सापडल्या त्या ‘दाया’ आणि बाहेरच्या ट्रेमध्ये अन्नापाशी सापडल्या त्या ‘फोरेजर’, म्हणजे अन्न आणणाऱ्या. पाच-पाच डोकी एकत्र करून आरएनए (चालू जनुकांची प्रत) काढला, सिक्वेन्सिंग करून तो वाचला, आणि सुमारे 2000 जनुकांचं एक्स्प्रेशन, म्हणजे जनुक किती चालू आहे ते, दोन्ही गटांत वेगळं निघालं. गाइड म्हणतात, “यातली दहा निवडा आणि पुढे चला.” आता विचारणा अशी की मुंगीला घराबाहेर पाठवणारं जनुक यातलं कोणतं हे कसं ओळखायचं, आणि क्रिस्पर (जनुक कापून बदलण्याचं तंत्र) न करता प्रबंध उभा राहील का.

मी बरीच वर्षं हेच काम करतेय. माझी पहिली यादीसुद्धा अशीच लांबलचक होती आणि ती घेऊन मी आनंदाने नाचले होते. त्यातली बहुतेक जनुकं मला पुढच्या वर्षभरात एकेक करून सोडून द्यावी लागली. म्हणून ‘कोणतं जनुक’ याच्या आधीचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवते: तुमच्या दोन नळ्यांमधल्या मुंग्या एकमेकींपासून कशाकशात वेगळ्या होत्या? काम वेगळं होतं हे मान्य. पण वय? आकार? पकडल्याची वेळ? पोट भरलेलं होतं की रिकामं? उजेडात होत्या की अंधारात? यातल्या प्रत्येक गोष्टीने शेकडो जनुकं वर-खाली होतात, आणि सॉफ्टवेअरला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही ज्या गटाला ‘फोरेजर’ असं लेबल लावलंत, त्या गटातला सगळा फरक ते निमूटपणे त्या लेबलाच्या नावावर मांडतं.

यातलं काय तुमच्या बाबतीत किती लागू पडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वसाहती रानातून आणलेल्या आहेत की राणीपासून लॅबमध्ये वाढवलेल्या, तुमच्या जातीत कामकरी मुंगी साधारण किती दिवसांची झाल्यावर बाहेर पडते, तुमच्या हातात किती महिने उरलेत. ते मला माहीत नाही, त्यामुळे मी माझा विचार कसा चालतो तेवढं सांगते.

सगळ्यात मोठा घोळ वयाचा. मुंग्यांच्या बहुतेक जातींमध्ये कामकरी मुंगी तरुणपणी घरात राणी आणि अळ्यांपाशी असते आणि वय वाढेल तशी दाराकडे सरकत जाते. शेवटचं काम म्हणजे बाहेर जाणं, कारण तिथे मरण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि वसाहतीच्या हिशेबात म्हातारी मुंगी गमावणं स्वस्त पडतं. कॅम्पोनोटस फेलाह या जातीवर 2013 साली एक सुंदर काम प्रसिद्ध झालं. सहा वसाहतींतल्या मुंग्यांच्या पाठीवर बारीक बारकोड चिकटवून, सेकंदाला दोनदा त्यांची जागा टिपत, 41 दिवस त्यांचा माग काढला गेला. मुंग्यांचे तीन गट पडले: दाया, सफाई करणाऱ्या आणि फोरेजर, आणि वयाप्रमाणे मुंगी पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना दिसली. म्हणजे अळ्यांपाशी सापडलेली मुंगी सरासरीने तरुण आणि अन्नापाशी सापडलेली सरासरीने वयस्क. तुमच्या 2000 जनुकांपैकी कित्येक ‘बाहेर जाण्याची’ नसून निव्वळ ‘म्हातारं होण्याची’ असणार. तरुण मुंगीचं कवच अजून पक्कं होत असतं, तिच्या शरीरात चरबी जास्त असते, स्नायू वापरात आलेले नसतात. कवचाची प्रथिनं, चरबीचा चयापचय, स्नायूंची प्रथिनं ही नावं तुमच्या यादीत वरच्या पानावर दिसत असतील, तर वयाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: मुंग्यांवर खूण करणं. कोषातून नुकतीच बाहेर आलेली मुंगी फिकट आणि मऊ असते, मोठ्यांच्या गर्दीत ती चटकन ओळखू येते. ती त्याच दिवशी उचलायची, मऊ स्पंजला पाडलेल्या फटीत हलकेच धरायची आणि कीटक टोचायच्या टाचणीच्या टोकाने पाठीवर एनॅमलचा एक थेंब ठेवायचा. थेंब मोठा झाला तर तो सांध्यात उतरतो आणि मुंगी लंगडते. लहान झाला तर बहिणी चाटूनपुसून काढतात. माझ्या पहिल्या खेपेला मी पिवळा रंग लावून मोठ्या समाधानाने घरी गेले. चार दिवसांनी ट्रेच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर, पिवळ्या रंगाच्या बारीक पापुद्र्यांची रांगोळी पडलेली होती आणि वसाहतीतल्या सगळ्या मुंग्या पुन्हा एकसारख्या काळ्या. तेव्हापासून मी दोन ठिकाणी खूण करते, पाठीवर आणि पोटाच्या वरच्या बाजूला, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. दर आठवड्याला रंग बदलायचा. दोन-तीन महिन्यांनी तुमच्याकडे वय माहीत असलेल्या मुंग्यांची वसाहत तयार होते.

मग खरा खेळ सुरू करता येतो. वसाहतीतल्या सगळ्या फोरेजर काढून टाकल्या तर घरातल्या काही तरुण मुंग्या वेळेआधी बाहेर पडू लागतात. उलट, तरुण दाया काढून घेतल्या तर म्हाताऱ्यांपैकी काही पुन्हा अळ्यांकडे वळतात. प्रत्येक जातीत हे सारख्याच सहजतेने होत नाही, त्यामुळे आधी एका वसाहतीवर करून पाहा. पण जमलं तर चार गट मिळतात: तरुण दाई, तरुण फोरेजर, वयस्क दाई, वयस्क फोरेजर. जे जनुक दोन्ही वयांत फोरेजरमध्ये त्याच दिशेने बदलतं, ते कामाशी निगडित. जे फक्त तरुण-वयस्क असं विभागतं, ते वयाचं. माझ्या अनुभवात ही एक चाळणी लावली की यादीचा मोठा भाग गळतो, आणि गळतो तेव्हा वाईट वाटतं. ते वाईट वाटणं दुसऱ्या वर्षी झालेलं बरं, तोंडी परीक्षेत नको.

तुमच्या बाबतीत आणखी एक खास अडचण आहे. कॅम्पोनोटसमध्ये कामकऱ्यांचे आकार वेगवेगळे असतात: मोठ्या डोक्याच्या मेजर आणि छोट्या मायनर. कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसमध्ये अन्न आणण्याचं काम बहुतांशी मायनर करतात. तुमच्या दाया कुठल्या आकाराच्या होत्या? डोक्याची रुंदी मोजली होती का? नसेल तर निदान पुढच्या खेपेला प्रत्येक डोकं कापण्याआधी मोजपट्टीसकट त्याचा फोटो काढा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता पकडण्याच्या वेळेबद्दल. हे मी स्वतःच्या चुकीवरूनच शिकले. आमच्या पहिल्या प्रयोगात दाया सकाळी गोळा केल्या, कारण सकाळी घरटं उघडणं सोयीचं. फोरेजर दुपारी, कारण दुपारी त्या बाहेर जास्त येत. निकालात शरीराच्या घड्याळाची जनुकं, पीरियड वगैरे, ठळकपणे वर आली. आम्ही त्यावर दोन पानं मजकूर लिहिला. मग एका सहकाऱ्याने सहज विचारलं, “सॅम्पल किती वाजताची आहेत?” दोन पानं रद्द झाली. गंमत म्हणजे घड्याळाचा आणि कामाचा संबंध खरोखरच आहे. कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसच्या मेंदूंवर 2022 साली आलेल्या एका अभ्यासात 24 तासांच्या लयीत चढउतार होणारी जनुकं फोरेजरमध्ये दायांपेक्षा कितीतरी अधिक आढळली. पण ते कळलं कारण त्यांनी दिवसभर ठरावीक अंतराने दोन्ही प्रकारच्या मुंग्या गोळा केल्या. एकाच वेळी घेतलेल्या सॅम्पलवरून लय कळत नाही, आणि दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या सॅम्पलवरून काहीच धड कळत नाही.

पकडण्याची रीतही तितकीच घातक. दाई मिळवायला तुम्ही घरट्याचं झाकण उघडता. त्या क्षणी उजेड, वारा, तुमचा श्वास, आणि वसाहतभर धोक्याचा गंध. पहिली मुंगी चिमट्यात येते ती घाबरण्याआधी, दहावी येते ती चांगली दोन-तीन मिनिटं सैरावैरा धावल्यावर. चेतापेशी उत्तेजित झाल्यावर लगेच जागी होणारी काही जनुकं असतात, एगर-1 किंवा एचआर38 सारखी; त्यांना चालू व्हायला काही मिनिटं पुरतात. बाहेरच्या ट्रेमधल्या फोरेजरला असा काही धक्का बसत नाही, ती तर निवांत साखरपाणी पीत असते. मग यादीत ‘दायांमध्ये चेतासंस्थेची सक्रियता जास्त’ असं काहीतरी भारदस्त दिसतं आणि प्रत्यक्षात तो तुमच्या झाकणाचा परिणाम असतो. मी आता घरट्यावर लाल फिल्म लावते, झाकण आदल्या दिवशीच सैल करून ठेवते, एका वेळी एकच मुंगी काढून थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकते, आणि एक दाई-एक फोरेजर असा क्रम पाळते. कार्बन डायऑक्साइडने गुंगी देणं टाळते. त्याचेही परिणाम एक्स्प्रेशनवर होतात.

आणि हो, ‘अन्नापाशी सापडली’ म्हणजे फोरेजर, हे फार ढोबळ आहे. बाहेरच्या ट्रेमध्ये कचरा टाकायला आलेली, मेलेल्या बहिणींना ओढून नेणारी, पहारा देणारी, किंवा नुसतीच भरकटलेली मुंगीही असते. मी एखादीला फोरेजर म्हणते ते ती तीन वेगवेगळ्या दिवशी अन्न घेऊन परतताना दिसली तरच. यात वेळ जातो. पण पाच डोक्यांच्या एका नळीत दोन चुकीच्या असल्या तर त्या नळीला अर्थच उरत नाही, आणि एकदा एकत्र केलेली डोकी वेगळी करता येत नाहीत.

डोक्याचा विषय निघालाच आहे. आख्खं डोकं म्हणजे मेंदू नव्हे. मुंगीच्या डोक्यात जबड्याचे दणकट स्नायू असतात, जबड्याच्या आणि घशामागच्या ग्रंथी असतात, चरबीचे कप्पे असतात, डोळे असतात. दाई अळ्यांना भरवते, तिच्या ग्रंथी वेगळ्या अवस्थेत; फोरेजर तोडते, ओढते, तिचे स्नायू वेगळ्या अवस्थेत. ग्रंथी फुगली की तिच्या जनुकांचे रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) वाढतात, आणि एकाही पेशीत कुठलंही जनुक वर-खाली न होता केवळ पेशींचं प्रमाण बदलल्यामुळे ‘एक्स्प्रेशनमधला फरक’ दिसतो. म्हणून वर्तनाबद्दल बोलायचं असेल तर मेंदू काढायला शिका. मुंगळ्याचा मेंदू काढणं हे दोन-तीन आठवड्यांच्या सरावाचं काम आहे: बर्फावरच्या गार बफरमध्ये, डोक्याचं कवच पुढून खिडकीसारखं उघडून, श्वासनलिकांचं पांढरं जाळं बाजूला सारून. पहिली तीसेक डोकी वाया जातील असं धरूनच चाला.

त्याच वेळी मेंदूचाही अट्टहास नको. टेम्नोथोरॅक्स लॉन्जिस्पायनोसस या चिमुकल्या मुंगीत, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कामात, आरएनए सिक्वेन्सिंगच्या यादीतूनच व्हायटेलोजेनिनसारखं (अंड्याच्या बलकातल्या प्रथिनाच्या कुळातलं) एक जनुक उचललं गेलं आणि चरबीपिंडात ते दाबून पाहिलं गेलं. तरुण कामकऱ्यांचं अळ्यांकडे लक्ष देणं कमी झालं आणि प्रौढ बहिणींची देखभाल वाढली. वर्तन बदलणारं जनुक पोटातल्या चरबीत बसलेलं होतं. तेव्हा मेंदू आणि चरबीपिंड वेगवेगळे काढता आले तर उत्तम. सगळं एकाच नळीत घोटणं तेवढं टाळा.

जाता जाता एक लहानसं, कारण यावर दरवर्षी कोणीतरी घाबरून विचारतं: कीटकांच्या आरएनएची प्रत दाखवणारा आरआयएन आकडा कमी आला म्हणून सॅम्पल फेकू नका. बहुतेक कीटकांच्या 28एस या मोठ्या रायबोसोमल आरएनएमध्ये एक छुपा छेद असतो. तापवल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि ते 18एस या लहान रायबोसोमल आरएनएच्या जागी येऊन बसतात. यंत्राला वाटतं की आरएनए कुजला. आलेख डोळ्यांनी पाहा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमची यादी चुकीची नाही, पण ती काम, वय, आकार, वेळ, भीती आणि ग्रंथी या सगळ्यांची मिळून एक यादी आहे. दहा जनुकं निवडण्याआधी ती वेगळी करावी लागेल.

संख्याशास्त्राबद्दल मी फार लिहीत नाही, एवढंच विचारते: तुमच्या विश्लेषणात वसाहत हा घटक आहे का? एका वसाहतीतल्या मुंग्या बहिणी असतात, एकच अन्न खातात, एकाच विषाणूने आजारी पडतात. एका वसाहतीतून चार नळ्या काढल्या म्हणून चार स्वतंत्र पुरावे होत नाहीत. डीईसेक2 या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन लिहिताना आधी वसाहत आणि मग काम असं लिहा, म्हणजे तुलना प्रत्येक वसाहतीच्या आतल्या आत होईल. आणि तीन वसाहती कमीच आहेत. पैसे मर्यादित असतील तर प्रत्येक नळीचं सिक्वेन्सिंग आणखी खोल करण्यापेक्षा वसाहती वाढवा. सहा-आठ झाल्या की निकालांवर माझा विश्वास बसायला लागतो. दुसरं, रीड्समध्ये विषाणू आणि परजीवींचे क्रम शोधून पाहा. टेम्नोथोरॅक्सच्या एका जातीत फीतकृमी झालेल्या कामकरी मुंग्या पिवळ्या पडतात, घरट्यातच बसून राहतात आणि निरोगी बहिणींपेक्षा कितीतरी जास्त जगतात. अशी एखादी मुंगी नळीत शिरली तर तुमची ‘दाई’ ही मुळात रुग्ण असायची.

आता जनुक निवडण्याकडे येऊ. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ओळखीच्या नावांची. यादी उघडली की डोळा आपोआप ‘फोरेजिंग’ या नावाच्या जनुकावर जातो; नावातच उत्तर आहे असं वाटतं. या जनुकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. फळमाशीत त्याच्या एका प्रकाराने अळी जास्त भटकते, दुसऱ्याने कमी. मधमाशीत 2002 साली दिसलं की बाहेर जाणाऱ्या माश्यांमध्ये ते जास्त असतं, आणि त्याचा मार्ग औषधाने उद्दीपित केला की तरुण माश्या लवकर बाहेर पडतात. मग सगळ्यांनी मुंग्यांकडे धाव घेतली. पोगोनोमायर्मेक्स बार्बाटस या धान्य गोळा करणाऱ्या मुंगीत 2005 साली नेमकं उलटं निघालं: तरुण, घरातल्या मुंग्यांमध्ये जास्त आणि फोरेजरमध्ये कमी. फायडोले पॅलिड्युलामध्ये 2009 साली त्याचं एन्झाइम औषधाने उद्दीपित केल्यावर मुंग्या घराचं रक्षण जास्त आणि अन्न गोळा करणं कमी करू लागल्या. जनुक तेच, दिशा वेगळी. त्यामुळे ‘आमच्या यादीत फोरेजिंग जनुक वर आलंय, म्हणजे आमचा प्रयोग बरोबर आहे’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, खाली आलं असतं तर काय म्हणाला असतात?

नावांऐवजी मी अशा वाटा शोधते ज्यांनी यादी आपोआप आखडते. एक वाट म्हणजे अनेक जाती. 2018 सालच्या एका अभ्यासात सात जातींच्या मुंग्यांमध्ये अंडी घालणाऱ्या आणि न घालणाऱ्यांच्या मेंदूंची तुलना झाली. प्रत्येक जातीची यादी मोठी होती, पण सातही जातींमध्ये त्याच दिशेने बदलणारं जनुक उरलं फक्त एक: इन्शुलिनसारखं आयएलपी2. मग ऊसेरिया बायरॉय या राणी नसलेल्या मुंगीत ते पेप्टाइड टोचलं, तर अळ्या समोर असूनही मुंग्यांची अंडाशयं जागी झाली. एरवी अळ्या असल्या की ती झोपलेली असतात. तुम्हाला सात जाती करायची गरज नाही. पण प्रसिद्ध झालेला डेटा खुला असतो. तुमची चाळलेली यादी दुसऱ्या दोन-तीन जातींच्या दाई-फोरेजर याद्यांवर ठेवून पाहा, खर्च फक्त तुमच्या वेळेचा.

दुसरी वाट म्हणजे उलटसुलट होणारे बदल. हार्पेग्नेथॉस सॉल्टेटर ही भारतात सापडणारी उड्या मारणारी मुंगी. राणी गेली की कामकऱ्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात आणि काही जणी अंडी घालणाऱ्या होतात, त्यांना गेमरगेट म्हणतात. त्यांचा मेंदू सुमारे 20 टक्क्यांनी आकसतो आणि आयुष्य सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत जातं. त्यांना पुन्हा कामकरी केलं तर मेंदू परत वाढतो. अशा वेळी जे जनुक जाताना एका दिशेने आणि येताना उलट दिशेने बदलतं, त्याच्यामागे वयाचं कारण देता येत नाही, कारण वय उलटं फिरत नाही. याच जातीत 2017 साली कोराझोनिन हे चेतापेप्टाइड कामकऱ्यांमध्ये जास्त आढळलं, आणि ते टोचल्यावर मुंग्यांचा शिकारीकडे कल वाढला. तुमच्या मुंगळ्यांमध्ये फोरेजरना पुन्हा दाई करून पाहता आलं, तर हाच तर्क तुम्हालाही वापरता येईल.

क्रिस्परबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उरलेल्या काळात, कॅम्पोनोटसमध्ये, एकट्याने ते हाती घेऊ नका. अंड्यात सुई घालणं जमेल. पुढचं सगळं अवघड आहे. टोचलेली अंडी कामकऱ्या बऱ्याचदा खाऊन टाकतात. अळ्या मुंग्यांशिवाय वाढत नाहीत. आणि बदल पुढच्या पिढीत न्यायचा तर तो राणीत किंवा नरात हवा. तुमच्या हाती येणाऱ्या बहुतेक सगळ्या कामकरी, म्हणजे वंश तिथेच संपला. 2017 साली ऑर्को या गंधाच्या जनुकावर ज्या दोन जातींत हे साधलं, त्या याच कारणाने निवडलेल्या होत्या. ऊसेरियाच्या कामकऱ्या नराशिवाय स्वतःची प्रतिरूपं जन्माला घालतात आणि हार्पेग्नेथॉसची कामकरी गेमरगेट होऊ शकते. त्या ऑर्को-रहित मुंग्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा: गंध न कळल्यामुळे त्या घरट्याबाहेर जास्त भटकत होत्या. ‘बाहेर घालवलेला वेळ’ एवढंच मोजलं असतं तर कोणीतरी त्यांना उत्तम फोरेजर ठरवलं असतं. प्रत्यक्षात त्यांना अन्न आणणं जमत नव्हतं.

तुमच्यासाठी शक्य असलेला मार्ग म्हणजे आरएनएआय (दुपदरी आरएनए टोचून जनुक दाबणं) किंवा औषध. आरएनएआय मुंग्यांमध्ये लहरी आहे, एका ऊतीत चालतो तर दुसऱ्यात नाही. म्हणून प्रत्येक वेळी एक्स्प्रेशन खरंच खाली गेलं का ते क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचा आरएनए मोजणारी चाचणी) त्याच ऊतीत तपासा. मुंगीत मुळातच नसलेल्या, जीएफपीसारख्या जनुकाचा दुपदरी आरएनए टोचलेला गट ठेवा आणि नुसती सुई टोचलेलाही ठेवा, कारण सुई लागलेली मुंगी दोन-तीन दिवस तशीही मलूल असते. औषधाच्या बाबतीत तुमच्याच वंशातलं उदाहरण आहे: 2016 साली कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसच्या तरुण मेजरच्या मेंदूत हिस्टोन डीअ‍ॅसिटायलेज हे जनुकं बंद ठेवणारं एन्झाइम रोखणारं रसायन टोचलं, आणि एरवी अन्न शोधायला क्वचित जाणाऱ्या त्या थोराड मुंग्या बाहेर जाऊ लागल्या. पण ते एका जनुकाचं काम नव्हे, शेकडो जनुकांचं कुलूप एकदम सैल करणं आहे.

दहा जनुकं घेऊन दहा आरएनएआय करण्यापेक्षा दोन घ्या आणि वर्तन नीट मोजा, असं मी तुमच्या गाइडना सांगितलं असतं. नीट म्हणजे: एकूण चालणं किती, घराबाहेर किती, अन्न घेऊन परत किती वेळा, अळ्यांना किती वेळा स्पर्श, साखरपाण्याला प्रतिसाद किती. नुसती चंचल झालेली मुंगी आणि अन्न शोधायला निघालेली मुंगी यांत फरक यातूनच दिसतो. वर सांगितलेल्या टेम्नोथोरॅक्सच्या कामात मुंग्या फोरेजर झाल्याच नव्हत्या. अळ्यांवरून बहिणींकडे वळल्या होत्या. कोणी फक्त दाराबाहेर जाणं मोजलं असतं तर ‘परिणाम नाही’ असं लिहून विषय मिटवला असता.

प्रबंध उभा राहील का? राहील. ‘हे जनुक मुंगीला बाहेर पाठवतं’ असं वाक्य त्यात नसलं तरी चालतं. ‘वय, आकार आणि वेळ बाजूला काढल्यावर कामाशी निगडित इतकी जनुकं उरतात, त्यातली इतकी इतर जातींतही तशीच वागतात, आणि त्यातलं एक दाबल्यावर वर्तनाचा हा एक भाग बदलतो’ एवढं पुरेसं आहे.

सध्याच्या डेटाचं काय करायचं ते मात्र नोंदवहीवर अवलंबून आहे. प्रत्येक नळीची वेळ, तारीख, वसाहत, मुंग्यांचा आकार, कोणी पकडल्या, हे सगळं एका तक्त्यात भरा आणि पीसीए आलेखावर (यात सारख्या नळ्या जवळ आणि वेगळ्या दूर दिसतात) प्रत्येक गोष्टीचा रंग देऊन पाहा. नळ्या कामाप्रमाणे विभागल्या जातात की तारखेप्रमाणे, ते पाच मिनिटांत दिसेल. वेळ लिहिलेली नसेल तर घाबरू नका. नळ्यांवरच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये असतात बहुतेकांच्या. त्या फोटोंच्या तपशिलात मिनिटासकट वेळ नोंदलेली असते. मी एकदा आख्खा तक्ता तसाच भरला आहे.